दुकानाला कुलूप, अ‍ॅडव्हान्स आत आणि ग्रुपवर सगळे पेटलेले

पत्र:

नमस्कार ताई, मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, घरूनच चार-पाच दुकानदारांचे हिशोब बघते. एमजी रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून आम्ही कित्येक वर्षं सगळं घेतोय, माझा लॅपटॉप, प्रिंटर, मुलीचा लॅपटॉप. मुलाला इंजिनिअरिंगला लागतो म्हणून असेंबल पीसी (सुटे पार्ट जोडून बनवलेला) सांगितला होता, त्याचे २५,००० अ‍ॅडव्हान्स दिले, १०,००० क्यूआरवर आणि १५,००० कॅश, पावती म्हणजे कोटेशनच्या मागे पेनाने लिहून सही. आज देतो उद्या देतो करत दीड महिना गेला आणि आता शटरला कुलूप, मालकांचा फोन बंद. माझा लॅपटॉपही तिथेच रिपेअरला पडलाय, त्यात टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा आहे. मुलीच्या लॅपटॉपचे हप्ते चालू आहेत आणि त्यावर दुकानाने दोन वर्षांची जादा वॉरंटी दिली होती. गिऱ्हाईकांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झालाय. कोणी म्हणतं हप्ते बंद करा, कोणी म्हणतं रविवारी सगळे त्यांच्या घरासमोर बसू, एकाने तर त्यांच्या मुलीचे फोटो टाकले. मिस्टर म्हणतात तू पण जा, दीर म्हणतात गोदेला वाहिले समज आणि सोड. मला काही सुचत नाहीये.

उत्तर:

ताई, आधी लॅपटॉप. पैशाचं नंतर बोलू.

तुमच्या पत्रात २५,००० वर चार ओळी आहेत आणि लॅपटॉपवर एकच, पण मला विचाराल तर खरी काळजी त्या एका ओळीची आहे. अडकलेले पैसे महिनाभर अजून अडकले तरी तेवढेच राहतात, पण चार-पाच दुकानदारांचे हिशोब, त्यांच्या जीएसटीचे आणि इन्कमटॅक्सचे लॉगिन, ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड हे सगळं असलेलं मशीन आत्ता कोणाच्या हातात आहे ते तुम्हाला माहीत नाही. म्हणून आज रात्रीच मोबाईलवरून जीमेलचा पासवर्ड बदला, गुगल अकाउंटमध्ये 'युअर डिव्हायसेस' म्हणून जागा असते तिथून तो लॅपटॉप साइन आउट करा, मग बँक, मग त्या दुकानदारांचे पोर्टल पासवर्ड एकेक करून. डिजिटल सिग्नेचरचा पेनड्राईव्ह लॅपटॉपलाच लावलेला राहिला नव्हता ना ते बघा. आणि हो, ज्यांचे हिशोब आहेत त्यांना स्वतःहून सांगा, थोडं लाजिरवाणं वाटेल पण दुसऱ्याकडून कळलं तर जास्त वाटेल.

टॅलीचं लायसन्स सिरीयल नंबरवर आणि रजिस्टर केलेल्या ईमेलवर असतं, मशीन गेलं म्हणून लायसन्स जात नाही. फक्त एक गोष्ट तपासा, ती म्हणजे रजिस्टर करताना ईमेल कोणाचा टाकला होता. बरेच दुकानदार गिऱ्हाईकाला त्रास नको म्हणून (किंवा रिन्युअल आपल्याकडेच राहावं म्हणून) स्वतःचाच ईमेल टाकून ठेवतात. तसं असेल तर टॅलीच्या सपोर्टला बिल दाखवून तो बदलून घ्यावा लागेल, ते आत्ताच सुरू करा.

आता मशीन शोधायचं कसं, तर मालकांना शोधू नका, त्यांच्या टेक्निशियनला शोधा. मालक फोन बंद करून बसतात, पोरगा कुठे जाणार, तो याच धंद्यात पोट भरतो, एमजी रोडवरच दुसऱ्या कुठल्यातरी दुकानात किंवा सिडकोत घरून काम करत असेल आणि शेजारच्या दुकानात विचारलं की दोन मिनिटात नंबर मिळतो. त्याचा स्वतःचाही पगार राहिलेला असण्याची शक्यता बरीच आहे, त्यामुळे त्याच्यावर ओरडू नका, चहा पाजा आणि विचारा की माझं मशीन रॅकवर आहे, बाहेर दिलंय की तुझ्या घरी आहे. मदरबोर्डचं काम असेल तर दुकानं बऱ्याचदा ते चिप लेव्हलवाल्याकडे, म्हणजे बोर्डावरचे बारीक पार्ट दुरुस्त करणाऱ्याकडे, बाहेर पाठवतात, म्हणजे तुमचा लॅपटॉप त्या कुलपाच्या आत नसेलही.

आत असेल तर कुलूप कोणाचं ते बघा. गाळा भाड्याचा असेल आणि भाडं थकलं म्हणून गाळामालकाने लावलंय का, की शटरवर बँकेची नोटीस चिकटवलीय. बऱ्याच दुकानांचा माल कॅश क्रेडिटपोटी, म्हणजे धंद्याच्या कर्जापोटी, बँकेकडे तारण असतो, पण रिपेअरला आलेली गिऱ्हाईकांची मशीन हा दुकानाचा माल नाहीच. १८७२ च्या करार कायद्यात हे साध्या शब्दात आहे, कामासाठी सोपवलेली वस्तू काम झालं किंवा मुदत संपली की मालकाला परत द्यायची, मालकी तुमचीच राहते. जॉबशीट (रिपेअरला देताना मिळालेली पावती) असेल तर त्याची झेरॉक्स जोडून, नसेल तर लॅपटॉपच्या जुन्या बिलावरचा सिरीयल नंबर टाकून गाळामालकाला आणि बँक असेल तर बँकेला एका पानाचं पत्र द्या की आतमध्ये माझी ही वस्तू आहे, कुलूप उघडाल तेव्हा मला बोलवा. दुकान ज्या पोलीस स्टेशनच्या हद्दीत येतं तिथेही हाच अर्ज द्या आणि आपल्या कॉपीवर पोच घ्या. पोलीस अ‍ॅडव्हान्सबद्दल 'हा दिवाणी मामला आहे' म्हणतील, बऱ्याचदा म्हणतातच, पण तुमची वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात अडकलीय हे वेगळं प्रकरण आहे, दोन्ही एकाच अर्जात कालवू नका.

ग्रुपवर नेमकं हेच कालवणं चालू आहे असं तुमच्या पत्रावरून वाटतं. सगळ्यांना वाटतंय की आपण एकाच होडीत आहोत. नाही आहात. कोणाचा अ‍ॅडव्हान्स आहे, कोणाची वॉरंटी, कोणाचं मशीन, कोणाचं लोन, आणि यातल्या प्रत्येकाचा जाब विचारायचा माणूस वेगळा आहे. निम्म्याहून जास्त लोकांना मालकांची गरजच नाही, ते उगाच त्यांच्या घराचा पत्ता शोधतायत.

वॉरंटीचंच घ्या. मुलीचा लॅपटॉप एचपी, डेल, लेनोवो, आसुस जो काही असेल त्याची वॉरंटी कंपनीने दिलेली आहे, दुकानाने नाही. खालच्या बाजूचा सिरीयल नंबर (डेलला सर्व्हिस टॅग म्हणतात) कंपनीच्या साईटवर टाका, वॉरंटी कधीपर्यंत आहे ते लगेच दिसेल. तारीख बिलापेक्षा आधीची दिसली तर घाबरू नका, कधीकधी कंपनीने डीलरला माल पाठवल्याची तारीख धरलेली असते, बिल अपलोड करून ती दुरुस्त करता येते. म्हणून बिल जपा, फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, थर्मल प्रिंट असेल तर वर्षभरात कोरा कागद होतो. अँटीव्हायरसचंही तसंच, आपल्या पुण्याच्या क्विक हीलची की असेल तर ती कंपनीकडे रजिस्टर असते, दुकान गेलं तरी ती चालूच राहते.

ग्रुपमधल्या असेंबल पीसीवाल्यांना जरा धावपळ आहे. पूर्ण पीसीची अशी वॉरंटीच नसते, प्रोसेसरची वेगळी, मदरबोर्डची वेगळी, एसएसडी, रॅम, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) प्रत्येकाची वेगळी. बॉक्समधला इंटेलचा प्रोसेसर असेल तर तीन वर्षं थेट इंटेलकडे, पण ट्रे प्रोसेसर (बॉक्सशिवाय सुटा) गळ्यात मारला असेल तर इंटेल गिऱ्हाईकाला दारात उभं करत नाही, ती जबाबदारी विकणाऱ्याची. बाकी पार्टवर छोटे स्टिकर असतात बघा, राशी, रेडिंग्टन, अ‍ॅक्रो अशा डिस्ट्रिब्युटरांचे, तो स्टिकर म्हणजे माल सरळ रस्त्याने आलाय याची खूण, तो खरवडू नका. बॉक्स रद्दीत दिले असतील तर निदान कॅबिनेट उघडून सिरीयल नंबरांचे फोटो काढून ठेवा.

राहिली दुकानाची जादा दोन वर्षांची वॉरंटी. ती कशावर लिहिलीय? कंपनीचा केअर पॅक किंवा एक्स्टेंडेड प्लॅन असेल तर त्याच सिरीयल नंबरावर ऑनलाईन दिसायला हवा. दिसत नसेल तर पैसे घेतले आणि रजिस्टर केलं नाही असा अर्थ होऊ शकतो, बिलावर पॅकची वेगळी ओळ असेल तर कंपनीला पाठवून विचारा. आणि दुकानाच्या लेटरहेडवर शिक्का मारून दिलेली असेल तर ताई स्पष्टच सांगते, दुकान होतं तोवर त्या कागदाला किंमत होती.

कंपनी टाळाटाळ करायला लागली तर १९१५ वर फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन आहे, मराठीतही बोलता येतं. ती चालू असलेल्या कंपन्यांच्या बाबतीत बऱ्यापैकी कामाला येते. बंद शटरला फोन लावून ते तरी काय करणार.

हप्ते. अजिबात बंद करू नका. लॅपटॉप घरात आहे, चालतोय, कर्ज फायनान्स कंपनीचं आहे आणि तिचे पैसे तिने दुकानाला कधीच देऊन टाकलेत. हप्ता बाउन्स झाला की फायनान्सचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा, सिबिल खराब, आणि मुलाच्या शिक्षणासाठी उद्या कर्ज काढायला गेलात की हे सगळं समोर येईल, आणि या सगळ्यात दुकानदाराचं एक रुपयाचंही वाकडं होणार नाही. ज्याने ग्रुपवर हे सुचवलं त्याला विचारा त्याचा स्वतःचा हप्ता चालू आहे का, बहुतेक नसेल. मात्र ग्रुपमध्ये असे कोणी असतील की लोन पास झालं, हप्ता सुरू झाला आणि वस्तू मिळालीच नाही, तर त्यांनी आजच फायनान्स कंपनीला लेखी कळवायचं, डिलिव्हरी झालेली नाही, लोन रद्द करा. ३० दिवसात उत्तर नाही आलं किंवा उडवाउडवीचं आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाईन फुकट तक्रार करता येते. क्रेडिट कार्डने अ‍ॅडव्हान्स दिलेल्यांनीही बँकेत डिस्प्युट टाकायचा आणि लवकर टाकायचा, त्याला मुदत असते.

आता तुमचे २५,०००.

तुमच्या जुन्या कुठल्याही बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर असेल, १५ अक्षरी. सुरुवातीचे २७ म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पूर्ण जीएसटी नंबरातलं सहावं अक्षर बघा. पी असेल तर दुकान एका माणसाच्या मालकीचं, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. तोच नंबर जीएसटीच्या साईटवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका, लॉगिन लागत नाही, कायदेशीर नाव कोणाचं, नोंदणी चालू आहे की रद्द केली ते सगळं येतं. हे एवढ्यासाठी की प्रोप्रायटरशिप, म्हणजे एकाच माणसाच्या मालकीचं, असेल तर 'दुकान बंद झालं' या वाक्याला कायद्यात काही अर्थच नाही, दुकान आणि माणूस एकच, शटर पाडलं तरी देणं त्याच्या डोक्यावर तसंच. भागीदारीत सगळे भागीदार बांधलेले, ज्यांना आपण कधी काउंटरवर पाहिलं नाही ते मेहुणेसुद्धा. कंपनी असेल तर मात्र अवघड, ती दिवाळखोरीत गेली तर मुंबईच्या एनसीएलटीत (कंपन्यांच्या न्यायाधिकरणात) दावा लावायचा आणि आधी बँका वगैरे, मग आपण, म्हणजे फार आशा ठेवू नका. एमजी रोडसारख्या ठिकाणी बहुतेक दुकानं पीवालीच असतात.

मग एक नोटीस पाठवा, वकील लागलाच पाहिजे असं नाही, तारीखवार हकीकत, रक्कम, १५ दिवसांची मुदत, स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशन करून, दुकानाच्या आणि घरच्या दोन्ही पत्त्यांवर. पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा, तो पुरावा आहे. त्यानंतर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. २०१९ च्या कायद्याप्रमाणे घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची, ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला फी शून्य, आणि ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवरून घरबसल्या टाकता येते. क्यूआरवरचे १०,००० बँक स्टेटमेंटमध्ये आहेतच, कॅशच्या १५,००० साठी ती कोटेशनमागची सही सोन्यासारखी जपा, आणि आज देतो उद्या देतोचे मेसेज डिलीट करू नका, त्यात त्यांनी एकदा जरी 'तुमचा पीसी' म्हटलं असेल तरी ऑर्डर कबूल झाली.

आणि तुमच्या ग्रुपचा खरा उपयोग इथे आहे. एकसारखी तक्रार असलेले ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करू शकतात. अ‍ॅडव्हान्सवाले तेवढे वेगळे काढा, नाव, तारीख, रक्कम, पुरावा एवढे चार रकाने करा, हिशोबाचं काम तुमचंच आहे, तुमच्याइतकं नीट ते कोण करणार. फक्त ज्यांनी ऑफिससाठी दहा-दहा मशीन सांगितली होती त्यांना यात घेऊ नका, त्यांना 'व्यावसायिक हेतू'चा मुद्दा आडवा येईल आणि तुमचीही तक्रार लटकेल. तुमच्या कामाच्या लॅपटॉपचं तसं नाही, स्वतः पोट भरण्यासाठी स्वतः वापरलेली वस्तू कायद्यात ग्राहकाचीच धरतात.

हे सगळं करून पैसे मिळतील का? मिळू शकतात, वेळ लागेल, आणि माणसाकडे काहीच उरलं नसेल तर आदेश हातात असूनही वाट बघावी लागेल. आदेश न पाळणाऱ्याला दंड आणि कैदेची तरतूद आहे, त्यामुळे बहुतेक लोक तिथपर्यंत येता येता हप्त्याने का होईना द्यायला लागतात. मध्येच त्यांचा फोन आला आणि म्हणाले थोडे थोडे देतो तर तोंडी ऐकू नका, तारीख टाकलेले चेक घ्या. चेक बाउन्स झाला तर ३० दिवसात नोटीस, त्यांना १५ दिवस, मग कलम १३८ ची केस, आणि त्या केसला लोक खरंच घाबरतात. पैशाऐवजी उरलेला माल घ्या म्हणाले, मॉनिटर वगैरे, तरी घ्यायला हरकत नाही, पण बिल आणि सिरीयल नंबरसकट, आणि 'हिशोब पूर्ण' अशा कागदावर तेवढ्यात सही करू नका.

ग्रुपवर आता प्रत्येकजण म्हणत असेल की मला आधीच कळलं होतं, इतकं स्वस्त कसं देत होते. वरातीमागून घोडी भरपूर येतात. पण या धंद्यात काय होतं तेही ऐका. लॅपटॉपवर मार्जिन नावाला, लोक दुकानात येऊन बघतात आणि ऑनलाईन मागवतात, टिकायचं तर असेंबल आणि रिपेअरवर. त्यात २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे चढले की जुन्या कोटेशनला पीसी देणं म्हणजे खिशातून घालणं. मग नव्या गिऱ्हाईकाच्या अ‍ॅडव्हान्समधून जुन्याची ऑर्डर पुरी करायची, त्याचा पुढच्यातून, आणि एक दिवस पुढचा येतच नाही. तुमच्या मालकांचं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही, त्यांनी ठरवून केलं असेलही, ठरवून फसवल्याचा पुरावा मिळाला तर भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं ३१८ कलम आहेच. पण हे फक्त गल्लीतल्या दुकानांचं होतं असंही नाही. अमेरिकेत फ्राइज इलेक्ट्रॉनिक्स म्हणून कॉम्प्युटरच्या भल्यामोठ्या दुकानांची साखळी होती, जवळपास ३६ वर्षं चाललेली, २४ फेब्रुवारी २०२१ ला एका रात्रीत सगळी बंद. मात्र त्यांनी निदान साईटवर लिहिलं की रिपेअरला दिलेल्या वस्तू परत न्यायला कुठे संपर्क करायचा. मला राग येतो तो इथे. धंदा बुडणं समजू शकते, पण शटरवर एक कागद चिकटवायला काय लागतं हो, 'रिपेअरची मशीन अमुक ठिकाणी मिळतील' एवढंच, निम्मा ग्रुप शांत झाला असता.

रविवारी त्यांच्या घरासमोर जायचं का, तर नाही. भेटायचंच असेल तर दोघं-तिघं जा, दिवसा, आधी निरोप देऊन, यादी हातात घेऊन, आणि बाकीचं राहू दे, मशीनबद्दल विचारा. शंभर लोक जमले की दार उघडणारा माणूसही उघडत नाही, आणि एखाद्याने दगड उचलला की तुमची तक्रार बाजूला आणि तुमच्यावरच केस. मुलीचे फोटो ज्याने टाकलेत त्याला ते आजच काढायला सांगा, नाही काढले तर अ‍ॅडमिनला सांगून त्याला बाहेर करा, तेही नाही झालं तर तुम्ही बाहेर पडा आणि अ‍ॅडव्हान्सवाल्यांचा वेगळा ग्रुप करा. त्या पोरीने तुमचा अ‍ॅडव्हान्स घेतलेला नाही. गुगलवर रिव्ह्यू लिहायचा असेल तर खुशाल लिहा, पण घडलं तेवढंच, तारीख, रक्कम, वस्तू मिळाली नाही. 'चोर', 'चारसोबीस' लिहिलंत की बदनामीची नोटीस काढायला त्यांनाच निमित्त मिळतं.

दिरांना सांगा, गोदेला वाहायचे ते निर्माल्य, २५,००० नाही. आणि मिस्टरांना इतका उत्साह असेल तर नोटीस टाकायला पोस्टात त्यांना पाठवा.

मुलाचा पीसी तेवढा राहिला. त्याच्या पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगला ग्राफिक कार्ड लागत नाही, ते त्याला कशाला हवंय ते तुम्हाला माहितीये आणि मलाही. बहिणीचा लॅपटॉप संध्याकाळी वापरू दे किंवा ओळखीतून बिलासकट एखादा जुना बघा, रॅमचे भाव बघून नवा नंतर. घ्याल तेव्हा पार्ट काउंटरवर आले, बॉक्स समोर उघडले की मगच पूर्ण पैसे, मागवायलाच लागत असेल तर अ‍ॅडव्हान्स दोन-तीन हजार, तोही दुकानाच्या खात्यावर, मालकाच्या मोबाईल नंबरवर नाही, आणि बिलावर प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर लिहून मागा. का-कू केलं तर शेजारच्या दुकानात जा, एमजी रोडवर दुकानांची काही कमी नाही.